मौलाची गाठ

मित्रांनो, मी म्हातारा झालो हे मला परवापरवा कळलं. दवाखान्यात वायरिंग बघायला एक माणूस आला होता. त्याने मान वर करून माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "हा डबा अजून चालतोय होय?" सहा वर्षांचं माझं वय. तुमच्यात सहा वर्षांचं पोर पहिलीत जातं. आमच्यात सहाव्या वर्षी लोक बोट दाखवायला लागतात. चालायचंच.

मी राउटर आहे. मुळशी गावात, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एका ट्रस्टचा दोन खोल्यांचा दवाखाना आहे. त्याच्या आतल्या खोलीत, दारावरच्या फळीवर मी बसलेला असतो. खाली एक खाट आहे. खाटेशेजारी ईसीजी काढायचं यंत्र, एक संगणक, आणि भिंतीवर वायरवाला फोन. या खोलीत बोललेलं सगळं मला ऐकू येतं. त्याचं मला काही वाटत नाही. मला फारसं काही वाटतच नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मागाहून तक्रार नको.

माझं काम साधं आहे. इथल्या रोग्यांचे कागद पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात असे पोचवायचे, की वाटेत कोणालाही ते वाचता येऊ नयेत. इंटरनेट म्हणजे हमरस्ता. त्यावरून कोणीही जातं, कोणीही डोकावतं. कोणाला टीबी आहे, कोणाचं मूल राहत नाही, हे त्या रस्त्यावर उघडं पाठवलं तर बोभाटा व्हायला वेळ लागत नाही. म्हणून इकडून मी आणि पुण्याहून माझ्यासारखाच एक राउटर, असे दोघं मिळून त्या रस्त्याखालून एक बोगदा काढतो. आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. माणसं त्याला व्हीपीएन म्हणतात.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. खोक्यावर लिहिलेलं होतं, खोकं रद्दीत गेलं. मला आठवतं ते पहिलं घर म्हणजे कमरबीची पडवी. कमरबी ही दवाखान्यात झाडलोट करणारी, रोग्यांना धरून खाटेवर निजवणारी, उषा सिस्टरच्या हाताखालची बाई. तिचा मुलगा शहनवाज राउटरांच्याच कामातला. हिंजवडीजवळच्या चांदे गावात खोली घेऊन राहायचा, तिथल्या एका कंपनीत जायचा, आणि आमची जबाबदारी त्याच्यावर होती. एका रविवारी त्याने आम्हा दोघा राउटरांना आईच्या पडवीत चटईवर शेजारी-शेजारी मांडलं आणि दोघांच्या पोटात एकच गुप्त किल्ली घातली. लोखंडाची नव्हे हं. अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक ओळ.

"ही किल्ली तारेवरून कधीच धाडायची नाही, अम्मा," तो आईला म्हणाला. "दोघं समोरासमोर असताना द्यायची. एकदाच."

पडवीच्या टोकाला त्याचा बाप मौला जाळं विणत बसला होता. धरणाच्या पाण्यात मासे धरणारा माणूस, आणि थट्टेखोर. "येवढं खेटून बसवलंस अन् उद्या ताटातूट?" तो म्हणाला. "पाप लागंल की रं."

दुसऱ्या दिवशी माझा जोडीदार पुण्याला गेला. त्यानंतर आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नाही.

पण त्या रविवारी कमरबीने एक प्रश्न विचारला होता, तो सांगायलाच हवा. ती म्हणाली, "पर किल्ली धाडायचीच न्हाई, तर रोज कुलूप कशानं लावनार ह्ये दोघं?"

शहनवाज हसला. "तुझ्या मसाल्यानं."

मित्रांनो, आता नीट ऐका, कारण माझं सगळं शास्त्र त्या मसाल्यात आहे. कमरबीची धाकटी बहीण शाइस्ता मुठा गावात दिलेली. त्यांच्या आईची मोठी युक्ती. तिने घरच्या मसाल्यातला एक गुपित जिन्नस थोरलीच्या कानात सांगितला, दुसरा धाकटीच्या. एकीला दुसरीचा जिन्नस माहीत नाही. म्हणजे लग्नानंतरही दोघींना एकमेकींवाचून मसाला करता येऊ नये. मग दरवर्षी उन्हाळ्यात काय व्हायचं? धने, मिरची, खोबरं हा साधा भाग दोघी आपापल्या घरी भाजायच्या. तो साऱ्या गावाला ठाऊक. कमरबी त्यात आपला जिन्नस टाकून कुटायची आणि अर्धी पुडी एसटीने मुठ्याला धाडायची. शाइस्ता आपला जिन्नस टाकून कुटायची आणि तिची अर्धी पुडी मुळशीला यायची. मग आलेल्या पुडीत जिने तिने आपापला जिन्नस पुन्हा घालायचा. झालं! दोन्ही घरी एकच मसाला, एकच चव, आणि गुपित एकीचंही बाहेर गेलं नाही.

वाटेत पिरंगुटला गाडी बदलताना कोणी पुड्या उघडून हुंगल्या तरी हाती काय लागणार? कुटलेल्यातून जिन्नस वेगळा काढता येत नाही. दोन्ही पुड्या एकत्र केल्या तर धने-मिरची दुप्पट होते आणि मसाला पाणचट लागतो. अगदी असंच आम्ही दोघं राउटर आकड्यांनी करतो. रोज. साधा आकडा उघड, आपापला आकडा गुप्त, कालवलेलं तेवढं रस्त्यावरून पाठवायचं, आणि शेवटी दोघांकडे एकच किल्ली तयार. तिने बोगद्याला कुलूप लागतं. काही तासांनी ती फेकून द्यायची आणि नवा मसाला घालायचा. शिळं आम्ही ठेवत नाही.

एक भोक मात्र राहतं. पुडी चोरून काही कळत नसेल, पण पुडी बदलली तर? एका वर्षी तसं झालंही होतं. पिरंगुटच्या स्टँडवर कोणाची तरी दुसरीच पुडी शाइस्ताकडे गेली. तिने भरवशाने तिच्यात आपला जिन्नस घातला आणि वर्षभराचा मसाला वाया गेला. तेव्हा मौलाने तोडगा काढला. जाळ्याच्या दोऱ्याने तो पुडीच्या तोंडाला अशी गाठ मारायचा, की तिच्यातले वेढे दुसऱ्या कोणाला जमायचे नाहीत. ईदला शाइस्ता आली तेव्हा समोर बसवून त्याने ती तिला शिकवली. तेव्हापासून दोघी बहिणी आधी गाठ बघायच्या, मगच पुडी सोडायच्या. गाठ सोडली की दोरा कापायचा. जुनी गाठ नव्या पुडीला लावायची सोयच नाही. वेढे किती आणि कसे, ते मी तुम्हाला सांगणार नाही. उगाच विचारू नका.

आमच्याकडे गाठीचं काम पडवीतली ती पहिली किल्ली करते. ती आम्ही कधी बोलून दाखवत नाही. समोरचा एक ताजा आकडा देतो. तो आकडा, आत्तापर्यंत झालेलं सगळं बोलणं आणि पोटातली किल्ली एकत्र घोटून मी एक शिक्का काढतो आणि पाठवतो. तो स्वतः तसाच शिक्का काढून ताडून बघतो. मग त्याची पाळी. ओळख दोन्ही बाजूंनी पटावी लागते. नाही पटली तर दार बंद. मग समोर कोणी का असेना, त्याची निकड किती का असेना. निकडीचा रकाना माझ्याकडे नाही.

पहिली काही वर्षं बरी गेली. ट्रस्टचे लोक पाहुण्यांना आणून मला दाखवायचे. कमरबी रोज सकाळी स्टुलावर चढून फडक्याने माझी पाठ पुसायची. पडवीतल्या त्या पहिल्या किल्लीचे शहनवाजने दोन भाग करून ठेवले होते. माझा जोडीदार कधी बंद पडला तर नव्यात भरायला लागतील म्हणून. अर्धा भाग हॉस्पिटलच्या कपाटात, लाखेने बंद केलेल्या पाकिटात. अर्धा त्याच्या स्वतःच्या डोक्यात. आणि आपल्या डोक्याचा भरवसा नको म्हणून त्याने तो आईलाही पाठ करायला लावला होता. कमरबीला लिहिता येत नाही, पण ऐकलेलं ती विसरत नाही. अमुक जिन्नस इतका, तमुक तितका, अशी तिने त्या अक्षरांची पाककृतीच करून टाकली.

"फोनवर कोणी मागितलं तर आधी गाठ विचारायची," शहनवाजने तिला बजावलं होतं. "वेढे किती ते ज्याला सांगता येईल, त्यालाच द्यायचं. माझ्या जागी जो कोणी येईल त्याला मी गाठ तोंडी सांगेन. कागदावर लिहिणार नाही." माझ्या मापाने ही व्यवस्था काही फार पक्की नव्हती. पण माणसांच्या मापाने पुष्कळ होती.

आणि ती कामालाही आली. गेल्या वर्षी एका माणसाचा फोन आला. मी हॉस्पिटलातून बोलतोय, पेशंट मरायला टेकलाय, किल्ली सांगा, अशी एकच घाई. कमरबी म्हणाली, "गाठीला येढं किती?" पलीकडून फोन आदळला. चौकशीत निघालं, माणूस भामटा होता. हॉस्पिटलने कौतुकाचं पत्र पाठवलं. ट्रस्टने सगळ्यांसमोर कमरबीला शाल दिली. मौला गावभर सांगत सुटला, "माज्या गाठीनं चोर पकडला. शाल मातुर हिला!" मित्रांनो, त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. वाटलं म्हणतोय, लक्षात घ्या. तो माझा शेवटचा बऱ्यापैकी दिवस.

आता काही महिन्यांपूर्वीच्या एका मंगळवारचं सांगतो.

सोमवारी संध्याकाळी पुण्यात विजेचा दाब वाढला आणि माझा जोडीदार जळाला. पाच वर्षं रोज त्याची ओळख पटवून घेतलेली, आणि तो गेल्याचं मला नुसतं उत्तर न आल्यामुळे कळलं. मंगळवारी सकाळी त्याच्या जागी, त्याच्याच पत्त्यावर, नवा राउटर बसवण्यात आला. बसवणारा इंद्रजित नावाचा तरुण. आठच दिवसांपूर्वी शहनवाजने त्याला हे काम हवाली केलं होतं, कारण शहनवाजची बदली दुसऱ्या कामावर झाली होती. हवाली करताना चौदा कलमांची यादी दिली होती. गाठ त्या यादीत नव्हती. ती लिहायची नाही असं त्यानेच ठरवलं होतं ना! जेवताना सांगू म्हणून ठेवली आणि जेवताना क्रिकेटच्या गप्पा निघाल्या.

सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला मौला आपल्या पायाने दवाखान्यात आला. घामाने निथळत होता. हात छातीवर. कमरबी फरशी पुसत होती. तिला बघून म्हणाला, "मासा गिळायच्या ऐवजी गळच गिळलाय बग म्या. हितं अडाकलाय."

उषा सिस्टरने त्याला खाटेवर निजवलं आणि ईसीजी काढला. दवाखान्याचे डॉक्टर त्या दिवशी भावाच्या साखरपुड्याला नाशिकला गेले होते. सिस्टरची बोटं संगणकावर भराभर चालायला लागली. कपाटात एक इंजेक्शन होतं, रक्तातली गुठळी विरघळवणारं. लवकर दिलं तर जीव वाचतो. चुकीच्या माणसाला दिलं तर जातो. म्हणून पुण्यातल्या हृदयाच्या डॉक्टरांनी ईसीजी बघून हो म्हटल्याशिवाय ते द्यायचं नाही, असा नियम. ईसीजी माझ्याकडे आला. मी पुण्याला हाक मारली.

हाकेला उत्तर आलं. पत्ता बरोबर, नाव बरोबर. मसाला कालवून झाला. शिक्का आला आणि मी ताडून पाहिला. जुळला नाही. मी दार लावलं. दहा सेकंदांनी पुन्हा हाक, पुन्हा तेच. माझ्या नोंदवहीत तेव्हाची ओळ अजून आहे: ओळख पटली नाही. ती ओळ मी त्या दिवशी आठशेच्या वर वेळा लिहिली.

सिस्टरने पुण्याला फोन लावला. "तुमची लाइन बंद आहे, आमच्या आयटीचा माणूस तुम्हाला फोन करेल," असं तिकडून सांगण्यात आलं. तिने मोबाइलवर ईसीजीचा फोटो काढून नाशिकच्या डॉक्टरांना पाठवला. एकच टिक. पुण्यातल्या तातडीच्या खोलीतली बाई म्हणाली, "फोटोवरून त्या इंजेक्शनचं सांगता येत नाही सिस्टर, सिस्टीममधून येऊ द्या." शहनवाजचा मोबाइल नुसताच वाजत होता. तो एका डेटा सेंटरच्या आत होता आणि तिथे फोन दारातल्या कप्प्यात ठेवूनच आत सोडतात.

मग भिंतीवरचा फोन वाजला. इंद्रजित होता. सिस्टरने आवाज मोठा करायचं बटण दाबलं, म्हणून सगळं खोलीत ऐकू आलं.

"पाकिटातली अर्धी किल्ली मी टाकलीये," तो म्हणाला. "उरलेली शहनवाजकडे आहे, आणि तो फोन उचलत नाहीये."

"ती आमच्या चाचींना पाठ आहे," सिस्टर बोलून गेली. "चाची, या हो, सांगा यांना."

कमरबी ओले हात पदराला पुसत फोनपाशी आली. खाट तिथून चार पावलांवर. मौला तिच्याकडे बघत होता.

"गाठीला येढं किती?" तिने विचारलं.

"कसली गाठ? काकी, मला किल्ली हवीये."

"गाठीला येढं किती त्ये सांग आदी."

"काकी, मी इंद्रजित. शहनवाजच्या जागी आलोय. त्याचं पूर्ण नाव सांगू? त्याच्या चांद्याच्या खोलीचा पत्ता सांगू?"

"त्ये कुनालाबी ठावं असतंय."

सिस्टरने आपल्या मोबाइलवरून हॉस्पिटलच्या ऑपरेटरला विचारलं, इंद्रजित नावाचा कोणी तुमच्याकडे आहे का? ऑपरेटरने यादी बघितली. "नाही, असं कोणी नाही." कंत्राटावरचा माणूस, आठ दिवसांचा, यादीत नाव चढलं नव्हतं. आयटीला जोडून द्या म्हटलं, तर तिथला फोन एंगेज होता, त्यावर इंद्रजितच बोलत होता. सिस्टरने फोन खाली घेतला आणि कमरबीकडे पाहून मान हलवली. आता तिचाही धीर सुटला होता.

"काकी, तिथे पेशंट आहे ना?" इंद्रजितचा आवाज चढला. "सीरियस आहे ना? मग?"

"माजा मालक हाय त्यो," कमरबी म्हणाली. "बाबा, तू खरा बी असशील. पर मागल्या येळचा बी असाच घाई करत हुता. त्यानंबी पेशंट मरतुया म्हनूनच सांगितलं हुतं. तुला गाठ ठावं न्हाई. म्या कशी सांगू?"

"तुमच्या हट्टापायी माणूस जाईल, काकी!"

मग खाटेवरून मौला म्हणाला, दमत दमत, "न्हाई सांगायची ती. तीस वरसं झाली लगनाला, मला मसाला सांगितला न्हाई अजून." आणि हसला. हसताना त्याला कळ आली.

कमरबी वळली. "अवो, सांगू का मी? काय करू?"

"तुजं तू बग," तो म्हणाला. त्याच्याकडे दुसरं काही सांगण्याइतका दम नव्हता.

मित्रांनो, मला तो आवाज खरा वाटत होता का, असं विचाराल. पलीकडचा नवा राउटर माझ्या जोडीदाराच्याच जागेवरून हाक मारत होता, एवढं मला दिसत होतं. पण जागा म्हणजे ओळख नव्हे. मी दार उघडलं नाही. कमरबीनेही उघडलं नाही. तिने फोन जागेवर ठेवला आणि म्हणाली, "सिस्टर, भैरूला बलवा. पुन्याला न्हेऊ."

भैरूची व्हॅन बारा वाजायच्या आत निघाली. सिस्टरने गोळी चघळायला दिली होती. खाटेवरची चादर तशीच राहिली.

पुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. पौड गेलं, पिरंगुटचा घाट गेला. भूगावात नेहमीची कोंडी होती. भैरू हॉर्न वाजवत राहिला. त्या कोंडीत, एका सिमेंटच्या ट्रकच्या मागे, मौला गेला. कमरबीने भैरूला सांगितलं, "आता हॉर्न वाजवू नगंस."

शहनवाज दीड वाजता बाहेर आला. त्याने आधी दवाखान्यात फोन केला, सिस्टरकडून सगळं ऐकलं, आणि लगेच इंद्रजितला लावला. त्याला इंद्रजितचा आवाज ओळखीचा होता. अर्धी किल्ली सांगायला त्याला एक मिनिटही लागलं नाही. एक वाजून अडतीस मिनिटांनी मी आठशेकितव्यांदा हाक मारली. शिक्का जुळला. बोगदा उघडला. माझा दिवा हिरवा झाला आणि अडकून पडलेला ईसीजी पुण्याला गेला.

तिकडच्या डॉक्टरांनी तो तत्काळ पाहिला असणार, कारण दोनच मिनिटांत भिंतीवरचा फोन वाजला. "सिस्टर, इंजेक्शन द्या. आत्ताच्या आत्ता द्या. वेळ घालवू नका." सिस्टर फोन धरून रिकाम्या खाटेकडे बघत उभी होती. "सिस्टर, ऐकताय ना?" ते म्हणाले. भूगावची बातमी तिला तेव्हा कळलेली नव्हती, पण तिने "सर" एवढंच म्हटलं आणि खाली बसली. वर माझा दिवा हिरवाच होता. त्या हिरव्याचा मला राग आला होता. तेवढं सोडलं तर मला काही वाटलं नाही, आणि तेच अजून चालू आहे.

इंजेक्शनाने तो वाचला असता का? पुण्याचे डॉक्टर म्हणाले, बहुधा. दुसरे म्हणाले, सांगता येत नाही. कोणी कमरबीला दोष दिला नाही. कौतुकाचं पत्र बाहेरच्या खोलीत चौकटीत लावलेलं होतं. ते उषा सिस्टरने एक दिवस गुपचूप काढून कपाटात ठेवलं.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर कमरबी कामावर आली. फरशी पुसते, चादरी बदलते, रोग्यांना धरून निजवते. बोलत नाही. मला पुसायची तिने सोडून दिली. स्टूल कोपऱ्यात असतं. ती त्याच्याकडेही बघत नाही. माझ्यावर धूळ साठली आणि आत पंखा घरघरायला लागला. म्हणूनच त्या वायरिंगवाल्याला मी जुना दिसलो असेन.

शहनवाज गेल्या महिन्यात आला. सगळ्या किल्ल्या बदलायच्या होत्या. तो संगणकापुढे बसला. मग म्हणाला, "अम्मा, चूक माझी. यादीत गाठ नव्हती." तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तो पुढे म्हणाला, "आता दुसरी सोय करतो. तुझ्यावर भार नको."

तेव्हा ती बोलली. "भार ऱ्हाऊ दे. अर्धी मलाच दे. पर त्या पोराला हितं आन. माज्याम्होरं बसव."

शहनवाजने नवी अर्धी किल्ली आईकडून पाठ करून घेतली, आणि पुढच्या रविवारी इंद्रजित आला. पुण्याकडचा, इस्त्रीचा शर्ट, उमेदीचा मुलगा, पण दारातच थांबला. "काकी, मी त्या दिवशी ओरडलो तुमच्यावर," तो म्हणाला.

"तू खरा हुतास," कमरबी म्हणाली. "मला कसं कळनार हुतं? बस."

तिने त्याला खाटेवर बसवलं. हो, त्याच खाटेवर. आपण शेजारी बसली. सहा वर्षांपूर्वी आम्ही दोघं चटईवर होतो, तितक्याच अंतरावर. कमरेच्या पिशवीतून तिने मौलाचा जाळ्याचा दोरा काढला आणि एक रिकामी पुडी. गाठ मारून दाखवली, सोडली, दोरा त्याच्या हातात दिला. त्याची चुकली. "असं न्हाई. पुन्ना." पुन्हा चुकली. "बोटाखालनं. घाई करू नगंस." मला वाटतं पाचव्या खेपेला जमली. तिने पुडी उजेडात धरली, गाठीवरून अंगठा फिरवला. फिरवतच राहिली. इंद्रजितने मान खाली घातली होती.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनवणी आहे. आम्हाला रोज पुसलं नाहीत तरी आम्ही रागवत नाही. किल्ली कोणाला देऊ नका, हे तर तुम्हाला सगळेच सांगतील. मी वेगळं सांगतो. ज्याला एक दिवस ओळखावं लागणार आहे, त्याची ओळख आधी करून ठेवा. समोर बसवून, निवांत, गरज नसताना. गरज पडल्यावर दारात उभा असलेला खरा माणूस आणि भामटा एकाच आवाजात बोलतात. मी एवढा हुशार, पण मला त्यातला फरक कळत नाही. आणि कमरबीलाही कळला नाही, यात तिचा काय दोष?

गाठ जमल्यावर ती इंद्रजितला म्हणाली, "आता भाईर जा अन् हितं फोन कर."

"आत्ता? मी इथेच आहे की काकी."

"कर म्हनलं ना."

तो अंगणात गेला. भिंतीवरचा फोन वाजला. कमरबीने तो उचलला आणि त्या दिवशी विचारलं होतं तसंच विचारलं, "गाठीला येढं किती?"

पलीकडून त्याने आकडा सांगितला. बरोबर होता.

"व्हय," ती म्हणाली. "आता इचार."

इंद्रजितला काही विचारायचं नव्हतं. तो "काकी, काकी" म्हणत राहिला. ती फोन कानाला धरून, खाटेकडे तोंड करून उभी होती, आणि नवी अर्धी किल्ली सगळीच्या सगळी, एक अक्षर न चुकता, सावकाश सांगत होती.